तालुक्याच्या कॉलेजात चुंबकीय ऑक्साइड फिल्म: द्रावणापासून फुलपाखरी वक्रापर्यंत

स्पिन-ट्रान्सपोर्ट, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या स्पिनवर (त्याच्या इवल्याशा चुंबकत्वावर) अवलंबून असलेलं वीजवहन, म्हटलं की पल्स्ड लेझर, अतिनिर्वात कक्ष आणि द्रव हेलियम डोळ्यांसमोर येतं. मग तालुक्याच्या कॉलेजातला एमएस्सीचा प्रकल्प पुन्हा झिंक ऑक्साइडच्या बँडगॅपवरच येऊन थांबतो. तसं व्हायचं कारण नाही. मफल फर्नेस, हॉल इफेक्टच्या प्रयोगाचा इलेक्ट्रोमॅग्नेट, ०.१ मिलिग्रॅमचा तराजू आणि तीन लिटर द्रव नायट्रोजन एवढं जमलं, तर इलेक्ट्रॉनच्या स्पिनमुळे रोध बदलतो हे स्वच्छ दाखवता येतं. अट एकच. महागड्या एकस्फटिकी फिल्मच्या मागे लागायचं नाही. बारीक कणांची, सीमा-सीमांनी भरलेली फिल्म मुद्दाम करायची.

पदार्थ आहे लँथेनम स्ट्रॉन्शियम मँगनाइट, रूढ नाव एलएसएमओ. लँथेनम ०.७, स्ट्रॉन्शियम ०.३, मँगनीज १, ऑक्सिजन ३. यात काही मँगनीज तीन धन तर काही चार धन असतं आणि इलेक्ट्रॉन मधल्या ऑक्सिजनवरून एकाकडून दुसऱ्याकडे जातो. शेजारच्या दोन्ही मँगनीजचे स्पिन एका दिशेला असले तरच ही उडी सोपी, म्हणून चुंबकत्व आणि वहन एकमेकांना बांधलेलं. भौतिकशास्त्रज्ञ झेनरने १९५१ मध्ये याला डबल एक्स्चेंज म्हटलं. क्युरी तापमान, म्हणजे ज्याच्या वर हे चुंबकत्व संपतं ते, ३६० केल्व्हिनच्या आसपास. एकसंध स्फटिकात चुंबकीय क्षेत्राने रोध ठळक उतरवायचा तर काही टेस्ला लागतात. ते आपल्याकडे नाहीत. पण १९९६ मध्ये हॅरॉल्ड ह्वांग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की त्याच पदार्थाच्या बहुकणी नमुन्यात कमी तापमानाला अगदी थोड्या क्षेत्रातही रोध झटकन खाली येतो. इलेक्ट्रॉन एका कणातून शेजारच्या कणात सीमेतून टनेल होतो (अडथळ्यातून आरपार जातो), आणि दोन्ही कणांचं चुंबकन एका दिशेला असेल तर सहज होतो. आपला साधा इलेक्ट्रोमॅग्नेट कण एका दिशेला वळवण्याइतका नक्कीच ताकदीचा असतो.

द्रावण

०.३ मोलर, २० मिली. एवढ्यात वीसेक नमुने निघतात.

लँथेनम नायट्रेट हेक्झाहायड्रेट: १.८१९ ग्रॅम
स्ट्रॉन्शियम नायट्रेट: ०.३८१ ग्रॅम
मँगनीज अ‍ॅसिटेट टेट्राहायड्रेट: १.४७१ ग्रॅम
सायट्रिक आम्ल मोनोहायड्रेट: ३.७८ ग्रॅम (एकूण धातूंच्या मोलच्या दीडपट)
एथिलीन ग्लायकॉल: ४ मिली
ऊर्ध्वपातित पाणी: एकूण आकारमान २० मिली होईल इतकं

हे आकडे बाटलीतलं रसायन लेबलावर लिहिल्याप्रमाणे असेल तरच खरे. लँथेनम नायट्रेट हवेतलं पाणी ओढतं. जुलै-ऑगस्टमध्ये दोनदा उघडलेल्या बाटलीतलं नायट्रेट ओलसर गोळा झालेलं असतं आणि त्यातलं लँथेनम ठरल्यापेक्षा कमी भरतं. म्हणून नवीन बाटली असो वा जुनी, आधी तपासा. वजन केलेल्या मुशीत बरोबर १ ग्रॅम नायट्रेट घ्या, आधी १५० अंशांवर सावकाश वाळवा (नाहीतर फसफसून बाहेर उडतं), मग ९०० अंश सेल्सिअसवर चार तास ठेवा. मूस कोमट असतानाच डेसिकेटरमध्ये घाला आणि गार होताच तोला, कारण उरलेलं लँथेनम ऑक्साइडही पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ओढतं. ०.३७६ ग्रॅम उरायला हवं. समजा ०.३६० उरलं, तर ०.३७६ ला ०.३६० ने भागून येणाऱ्या १.०४४ ने वरचं वजन गुणा आणि १.८१९ ऐवजी १.९०० ग्रॅम घ्या. ही तपासणी न करता केलेल्या फिल्ममध्ये मँगनीज जास्त पडतं आणि ते एक्सआरडीत (क्ष-किरण विवर्तनात) मँगनीज ऑक्साइडच्या शिखरांतून बाहेर येतं. तेव्हा लोक फर्नेसला दोष देतात.

पाण्याबद्दल काटेकोर राहा. अकोला, बुलढाणा आणि अमरावतीच्या खारपाणपट्ट्यातलं विहिरीचं किंवा बोअरचं पाणी तर सोडाच, आरओचं पाणीही चालत नाही. त्यात सोडियम आणि क्लोराइड उरतंच. परीक्षानळीत पाणी घेऊन सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाका. पांढुरका ढग आला तर ते पाणी बाद.

आणखी एक मोह इथे हमखास होतो. भंडारा जिल्ह्यात तुमसर तालुक्यातल्या चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणींतून मँगनीज निघतं, मग तेच आम्लात विरघळवून का वापरू नये? खनिजात लोह असतं म्हणून. मँगनीजच्या जागी लोह बसलं की उड्यांची साखळी तिथे तुटते आणि क्युरी तापमान खाली येतं. खनिजातून शुद्ध मँगनीज काढणं हा स्वतंत्र प्रकल्प म्हणून उत्तम आहे, पण या द्रावणात खनिज नको.

सायट्रिक आम्ल १२ मिली पाण्यात ६० अंशांवर विरघळवा. त्यात लँथेनम, मग स्ट्रॉन्शियम, शेवटी मँगनीज अ‍ॅसिटेट घाला; प्रत्येक पूर्ण विरघळल्यावरच पुढचं. पांढरी गढूळता आली तर ते लँथेनमचं सायट्रेट आहे. विरल नायट्रिक आम्लाचे काही थेंब घातले की निवळतं. मग ग्लायकॉल घालून ८० अंशांवर दीड-दोन तास ढवळा, आटलेलं पाणी भरून २० मिली करा, ०.२२ मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून गाळा आणि रात्रभर ठेवा. लवकर वाळावं म्हणून पाण्याऐवजी अल्कोहोल वापरू नका. स्ट्रॉन्शियम नायट्रेट त्यात जेमतेम विरघळतं आणि तळाशी बसतं.

एक धोका लक्षात ठेवा. नायट्रेट आणि सायट्रेटचं मिश्रण आटवत नेलं की जेल स्वतःहून पेट घेतं आणि तपकिरी नायट्रोजन ऑक्साइडचा धूर सोडतं. फिल्मच्या पातळ थरात हे जाणवत नाही, पण उरलेलं द्रावण ओव्हनमध्ये वाळत ठेवून कुणी जेवायला गेलं तर ओव्हनचं दार उडू शकतं. हाच गुण फायद्याचाही आहे: ५ मिली द्रावण मोठ्या उघड्या चिनी मातीच्या भांड्यात, फ्यूम हूडखाली किंवा उघड्या व्हरांड्यात, लांबून, हॉटप्लेटवर पेटू द्या. जी राख उरते ती ८०० अंशांवर फिल्मसोबतच भाजा. ही पूड पुढे सगळ्यात उपयोगी पडते.

कशावर लावायची

सूक्ष्मदर्शकाची साधी काचपट्टी भाजण्याच्या तापमानाच्या खूप आधी मऊ पडते, तिचा विचार करू नका. सिलिकॉन वेफर कुठूनतरी मिळालेला असतो, पण खोलीच्या तापमानाला सिलिकॉन स्वतःच वीज वाहून नेतो. मग तुम्ही फिल्म मोजता की वेफर, ते कळत नाही. उरतात फ्यूज्ड क्वार्ट्झ आणि अ‍ॅल्युमिना.

क्वार्ट्झ गुळगुळीत असतं, पण त्याचं औष्णिक प्रसरण अंशाला दशलक्षात अर्धा आणि एलएसएमओचं अकरा-बारा. गार होताना फिल्म आकसते, क्वार्ट्झ आकसत नाही, फिल्म ताणली जाऊन तडकते. एकूण जाडी ३०० नॅनोमीटरच्या आत ठेवली तर बहुधा निभावतं. अ‍ॅल्युमिनाचं प्रसरण सात-आठ, म्हणजे बरंच जवळचं. ९६ टक्के अ‍ॅल्युमिनाच्या पातळ वड्या हायब्रिड सर्किटसाठी विकल्या जातात. पृष्ठभाग खरखरीत असतो, पण आपल्याला कणसीमाच हव्या असल्याने ते खुपत नाही. आमची पसंती अ‍ॅल्युमिनाला. स्ट्रॉन्शियम टायटनेटचा एकस्फटिक सुंदर असतो, महाग असतो आणि या कामासाठी चुकीचा असतो.

धुणं: साबण, पाणी, अ‍ॅसिटोन, आयसोप्रोपिल अल्कोहोल, प्रत्येकी दहा मिनिटं अल्ट्रासॉनिकमध्ये. मग ५०० अंशांवर अर्धा तास. त्यानंतर पाण्याचा थेंब पसरला पाहिजे. गोळा होऊन बसला तर पुन्हा धुवा. आपलं द्रावण पाण्याचं आहे, त्यामुळे तेलकट पृष्ठभागावर ते कडेला पळून मधे भोकं ठेवतं.

थर चढवणं

स्पिन कोटर (नमुना गरगर फिरवून द्रावणाचा पातळ थर पसरवणारं यंत्र) विकत घ्यायची गरज नाही. जुन्या हार्ड डिस्कची मोटर किंवा पाती कापलेला १२ व्होल्टचा कॉम्प्युटर फॅन, वर सपाट चकती, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप, भोवती प्लॅस्टिकचं पातेलं. फेरे मात्र टॅकोमीटरने मोजा. अंदाज चालत नाही. मिनिटाला ३००० फेऱ्यांवर ३० सेकंद. नमुना थांबलेला असतानाच द्रावणाने पूर्ण झाका आणि मग मोटर सुरू करा. फिरत्या नमुन्यावर थेंब टाकला तर चक्राकार पट्टे उमटतात.

आता हवामान. मे महिन्यात चंद्रपूर-वर्ध्याकडे ४५ अंशांच्या पुढे पारा जातो, हवा कोरडी ठणठणीत, आणि द्रावण पसरायच्या आत कडेला घट्ट होतं. उपाय म्हणून कूलर लावला जातो आणि काम बिघडतं: कूलर ओली हवा ओततो, त्यासोबत पॅडचे तंतू आणि धूळ. थर चढवताना कूलर बंदच हवा. उन्हाळ्यात हे काम पहाटे करा. पावसाळ्यात उलट त्रास. नायट्रेट ओलावा ओढतं आणि थर हॉटप्लेटवर जायच्या आत धुरकट होतो. पन्नास टक्क्यांवर आर्द्रता असेल तर कोटर एका झाकणाच्या डब्यात ठेवून तळाशी भाजलेलं सिलिका जेल पसरा. गावात जिनिंग असेल तर हंगामात कापसाचे तंतू सगळीकडे तरंगतात. एकेक तंतू भाजल्यावर फिल्ममध्ये भेग होऊन उरतो. ओल्या फडक्याने टेबल पुसणं आणि खिडकी बंद ठेवणं एवढंच करता येतं.

प्रत्येक थरानंतर १५० अंशांच्या हॉटप्लेटवर पाच मिनिटं, मग ४०० अंशांच्या फर्नेसमध्ये दहा मिनिटं. नमुना काढा, गार होऊ द्या, पुढचा थर. अशा एका थराची भाजलेली जाडी साधारण ३० ते ५० नॅनोमीटर येते, म्हणून पाच थर. मधलं भाजणं टाळून एकावर एक ओले थर चढवले तर आतलं सेंद्रिय द्रव्य एकदम जळतं, वायू बाहेर पडायला वाट शोधतो आणि फिल्म खपल्यांनी उठते.

जाडी मोजायला प्रोफाइलोमीटर नसेल तर तराजू आहे. २५ मिमी चौरस वडीवर २०० नॅनोमीटरची फिल्म म्हणजे सुमारे ०.८ मिलिग्रॅम, घनता ६.४ धरून. ०.१ मिलिग्रॅमच्या तराजूवर यात बारा टक्क्यांची चूक राहते आणि फिल्म सच्छिद्र असते, त्यामुळे हा अंदाजच. चुंबकीय रोधाच्या टक्केवारीत (क्षेत्रामुळे रोध किती टक्के उतरला) जाडी लागतच नाही, म्हणून यावर रात्री घालवू नका.

भाजणं, आणि वीज जाणं

शेवटचं भाजणं ८०० अंशांवर दोन तास, मिनिटाला ३ अंशांनी वर, २ अंशांनी खाली, हवेतच. गार करण्याची घाई करू नका. फिल्म हवेतला ऑक्सिजन परत घेते ती याच उतरणीवर. ८०० वरून झटकन बाहेर काढलेली फिल्म ऑक्सिजनला मुकते, मँगनीजचं चार धन प्रमाण घटतं आणि क्युरी तापमान खाली जातं.

फर्नेसच्या आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी एकदा मीठ वितळवून पाहा. शुद्ध सोडियम क्लोराइड ८०१ अंशांवर वितळतं. झाकणाच्या छोट्या मुशीत चिमूटभर, नेमकं नमुना ठेवायच्या जागी. ७८० पासून दहा-दहा अंशांनी वर जा, प्रत्येक वेळी वीस मिनिटं थांबा, गार करून पाहा. दाणे दाण्यासारखे दिसतात तोवर वितळलं नाही. पारदर्शक थेंब झाला की समजा. दर्शक ८४० दाखवत असताना वितळलं, तर त्या टप्प्यापाशी खरं तापमान दर्शकापेक्षा चाळीसेक अंशांनी कमी आहे. सेटिंग तेवढं वाढवा. जुन्या फर्नेसमध्ये एवढा फरक सर्रास असतो. तपासणीनंतर फर्नेस एकदा रिकामी भाजून घ्या, म्हणजे मिठाची वाफ पुढच्या फिल्मला लागणार नाही.

साडेतीन किलोवॉटची फर्नेस इन्व्हर्टरवर चालत नाही, तेव्हा वीज जाणार हे धरूनच कार्यक्रम आखा. गेली तर दार उघडू नका. जाड भिंतींची फर्नेस स्वतःच सावकाश गार होते आणि ते फिल्मला मानवतं. वीज आल्यावर ८०० वरचे राहिलेले तास पूर्ण करा. खरा घात कंट्रोलर करतो. काही कंट्रोलर वीज परतली की 'आत्ता ८०० असायला हवं होतं' असं मानून पूर्ण ताकदीने वर धावतात आणि फिल्म तडकते. मेन्यूमध्ये वीजखंडानंतरचं वर्तन हा पर्याय शोधा आणि चढण चालू तापमानापासून सुरू होईल असं ठेवा. संध्याकाळी दाब उतरतो तोही मोजा: २३० ऐवजी १८० व्होल्ट असतील तर फर्नेसला ६१ टक्केच शक्ती मिळते, आणि ती ८०० गाठायला रडते. रात्री दहानंतर सुरू करून सकाळी काढणं बहुतेक गावांत सोयीचं.

झाली का ते पाहणं

आधी ती पूड घ्या. खोलीच्या तापमानाला निओडिमियम चुंबकाकडे ओढली जायला हवी. मग परीक्षानळीत घालून तेलाच्या बाथमध्ये सावकाश तापवा आणि बाहेरून चुंबक लावून पाहत राहा. ९० अंश सेल्सिअसच्या आसपास ओढ जवळपास संपते. तेच क्युरी तापमान. साठलाच संपली तर प्रमाण चुकलंय किंवा ऑक्सिजन कमी आहे. या एका चाचणीत एक्सआरडीच्या रांगेतले तीन आठवडे वाचतात.

फिल्म काळसर तपकिरी असावी; क्वार्ट्झवर आरशासारखी. मल्टीमीटरची टोकं सेंटिमीटरभर अंतरावर टेकवा. काही किलोओह्म आले तर पुढे जा. मेगाओह्म म्हणजे तडे किंवा हवी ती स्फटिकरचना तयारच नाही.

एक्सआरडीसाठी विद्यापीठात नमुना पाठवताना पूड आणि फिल्म दोन्ही पाठवा. तांब्याच्या के-अल्फा किरणांना टू-थीटा २२.९, ३२.७, ४०.३, ४६.८, ५८.३ आणि ६८.४ अंशांच्या जवळ शिखरं हवीत, ३२.७ चं सर्वांत उंच. २५.२ ला स्ट्रॉन्शियम कार्बोनेट, ३६.१ ला मँगनीज ऑक्साइड डोकावतं. पण अ‍ॅल्युमिनाचं स्वतःचं शिखर २५.६ ला आहे; कोऱ्या वडीचा आलेख सोबत नसेल तर त्यालाच अशुद्धी ठरवून प्रबंधात पानभर चर्चा होते. फिल्मसाठी एक अंशाचा ग्रेझिंग कोन (किरण पृष्ठभागाला जवळजवळ समांतर) मागा, नाहीतर सगळी शिखरं सब्स्ट्रेटचीच, म्हणजे खालच्या वडीचीच येतात.

तारा आणि मंडल

कार्बाइडच्या टोकाने फिल्मवर दोन समांतर रेघा खरवडून मधे २ मिमी रुंद पट्टी वेगळी करा. तिच्यावर एका ओळीत सिल्व्हर पेस्टचे चार ठिपके, आतल्या दोघांत ४ मिमी. ४० गेजची इनॅमल तांब्याची तार, टोकं खरवडून. बाहेरच्या दोन तारांतून प्रवाह, आतल्या दोनवर व्होल्टता. अशा पट्टीचा रोध खोलीच्या तापमानाला दोनेक किलोओह्मच्या घरात येतो. मल्टीमीटरने दोन तारांत मोजू नका. पेस्टचा संपर्करोध नायट्रोजनमध्ये मनमानी बदलतो.

नॅनोव्होल्टमीटर नसला तरी अडत नाही. एक ईएसपी३२ मायक्रोकंट्रोलर बोर्ड, एक एडीएस१११५ हा १६ बिटचा मापक आणि १ किलोओह्मचा, ०.१ टक्क्याचा, कमी तापमान-गुणांकाचा मेटल फिल्म रोधक. बोर्डच्या एका पिनपासून १० किलोओह्म, संदर्भ रोधक, नमुना, पुन्हा १० किलोओह्म, आणि दुसरी पिन. एक पिन वर, दुसरी खाली: प्रवाह १३० मायक्रोअँपिअरच्या आसपास. पिना उलटवल्या की प्रवाह उलटतो. मापकाच्या एका जोडीवर संदर्भ रोधक, दुसऱ्या जोडीवर नमुन्याच्या आतल्या तारा. दोन्ही दिशांच्या वाचनांच्या फरकाचा अर्धा घ्या, म्हणजे थंड-गरम जोडांवरची औष्णिक व्होल्टता निघून जाते. नमुन्याच्या व्होल्टतेला संदर्भाच्या व्होल्टतेने भागा, म्हणजे पुरवठा हलला तरी फरक पडत नाही. ०.५१२ व्होल्टच्या रेंजवर एक पायरी सुमारे १५.६ मायक्रोव्होल्टची, आपल्या पाव व्होल्टच्या ०.००६ टक्के. पुरे झालं. नमुना ५० किलोओह्मच्या वर असेल तर मात्र मापकाचा स्वतःचा निवेशरोध आड येतो. मधे ऑप-अँप बफर घाला.

तारा पिळून घ्या, बोर्ड पॉवर बँकवर चालवा आणि लॅपटॉपचा चार्जर काढा. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि सगळ्या वाचनांवर ५० हर्ट्झची गुणगुण चढते. आधी खड्ड्यात पाणी ओता, मग मंडलात दोष शोधा.

नायट्रोजन आणि चुंबक

खोलीच्या तापमानाला मापन करून पाहा, पण त्यावर निष्कर्ष काढू नका. कणाच्या पृष्ठभागावरचं स्पिन-ध्रुवीकरण आतल्या चुंबकत्वाच्या आधीच ढासळतं, म्हणून ३०० केल्व्हिनला हा परिणाम टक्क्याच्या अंशांवर येतो. त्यातच अशा बऱ्याच फिल्मचा रोध तापमानाच्या एका अंशाला अर्धा-एक टक्का बदलतो, आणि इलेक्ट्रोमॅग्नेटची गुंडाळी दहा मिनिटांत नमुन्याभोवतीची हवा एखाद-दोन अंश सहज तापवते. जे 'चुंबकीय' दिसतं ते बऱ्याचदा गुंडाळीची ऊब असते. शिवाय इथे खोलीचं तापमान डिसेंबरच्या सकाळी १२ आणि मेच्या दुपारी ४५ अंश; दुसरं टोक क्युरी तापमानाच्या चाळीसेक अंशांवर. नुसतं 'खोलीच्या तापमानाला' असं लिहू नका, थर्मामीटरचा आकडा लिहा.

उकळतं नायट्रोजन तापमान स्वतः धरून ठेवतं. समुद्रसपाटीला ७७.४ केल्व्हिन, नागपूरच्या तीनशे मीटर उंचीवर हवेचा दाब थोडा कमी, म्हणून सुमारे ७७.१. कृत्रिम रेतनासाठी पशुवैद्यकीय दवाखान्यांत द्रव नायट्रोजनचे कंटेनर असतात, त्यामुळे तालुक्यात तो कुठून आणि कोणत्या वारी येतो हे तिथल्या डॉक्टरसाहेबांना विचारलं की कळतं. पण रेतमात्रा असलेल्या कंटेनरमधून मागून घेऊ नका. पातळी खाली गेली तर अख्ख्या भागातल्या गायी-म्हशींचं नुकसान. आपला तीन लिटरचा कंटेनर घ्या आणि औद्योगिक वसाहतीतल्या वायू-विक्रेत्याकडून भरून आणा. झाकण सैलच राहील असं पाहा. बंद जीपमध्ये, काचा लावून आणू नका आणि एसटीत तर मुळीच नाही. एक लिटर द्रवाचा जवळजवळ ७०० लिटर वायू होतो: तीन मीटर लांब-रुंद-उंच खोलीत दहा लिटर सांडला तर ऑक्सिजन २१ वरून १६ टक्क्यांच्या आसपास येतो, आणि नाकाला काही कळत नाही. सुती हातमोजे घालू नका, ते द्रव शोषून कातडीला चिकटवतात. सैल चामड्याचे हातमोजे, चष्मा, बंद बूट.

थर्माकोलच्या पट्ट्यांतून अरुंद कुंड करा: भिंती १० मिमी, आत २० मिमी जागा. म्हणजे ध्रुवांमधलं अंतर ४० मिमी लागेल. १० मिमी अंतरावर ८००० गॉस (०.८ टेस्ला) देणारा चुंबक ४० मिमीवर दोन हजाराच्या खालीच जाईल. घाबरू नका, कणसीमांचा खेळ बहुतांशी तेवढ्यात आटपतो. क्षेत्र फिल्मच्या प्रतलात असू द्या. लंब दिशेला ठेवली तर फिल्मचं स्वतःचं विचुंबकन क्षेत्र सुमारे ७००० गॉस असतं आणि दोन हजारात काहीच भरत नाही.

गॉसमीटरचा प्रोब नायट्रोजनमध्ये बुडवू नका. आधी रिकाम्या कुंडात प्रोब ठेवून प्रवाह विरुद्ध क्षेत्र असा पूर्ण फेरा नोंदवा, चढताना वेगळा आणि उतरताना वेगळा. लोखंडी गाभ्यात क्षेत्र उरतं. प्रवाह शून्य केला तरी पन्नासेक गॉस राहू शकतात, आणि आपलं शिखर शे-दोनशे गॉसवरच असतं.

नमुना आधी पाच मिनिटं द्रवाच्या वर, वाफेत धरा, मग सावकाश बुडवा. थेट बुडवला तर पेस्टचे ठिपके निघतात. पातळी नमुन्याच्या बोटभर वर राहील असं भरत राहा. +२००० पासून −२००० आणि परत. शून्याभोवती ५०० गॉसपर्यंत दर २५ गॉसला एक बिंदू, पुढे दर २०० ला. प्रत्येक बिंदूवर तीन सेकंद थांबा. पहिला आणि शेवटचा बिंदू जुळला नाही तर नमुना सरकतोय किंवा पातळी उतरली आहे. तो फेरा टाकून द्या.

वक्र वाचणं

चांगल्या फिल्मचा आलेख फुलपाखरासारखा येतो. शून्य ओलांडल्यावर विरुद्ध बाजूला, निग्राही क्षेत्रापाशी (चुंबकन उलटवायला लागणाऱ्या क्षेत्रापाशी), रोधाचं शिखर. परतताना दुसऱ्या बाजूला दुसरं. शिखरावर शेजारी कणांची चुंबकनं सर्वांत विस्कटलेली असतात, म्हणून टनेलिंग सर्वांत अवघड. तिथून २००० गॉसपर्यंत रोध ५ ते १५ टक्के उतरला तर काम जमलं. टक्केवारी काढताना भाजक शिखरावरचा रोध घेतला की शून्य क्षेत्रावरचा, ते लिहा; वळशामुळे (हिस्टेरिसिसमुळे) दोन्ही वेगळे असतात. पुढे क्षेत्र वाढवलं तर उतार मंद पण सरळ चालू राहतो, ते सीमेवरच्या बेशिस्त स्पिनचं काम.

शिखर एकच, नेमकं शून्यावर आलं, तर बिंदू फार विरळ आहेत. वक्र एका बाजूला कललेला असेल तर प्रवाह उलटवणं कुठेतरी चुकतंय. दोन्ही बाजूंनी गुळगुळीत, घुमटासारखा वक्र, टोकदार शिखरांविना, आणि पूड चुंबकाला धड चिकटत नव्हती, तर कण फारच बारीक आहेत. ८५० अंशांवर पुन्हा भाजा. क्वार्ट्झवर ९०० च्या पलीकडे जाऊ नका, लँथेनम सिलिकात शिरतं. उलट टक्केवारी एक-दोनवरच अडली आणि रोध मात्र खूप कमी असेल, तर कण वाढून एकमेकांत मिसळलेत. ७५० ला नवी फिल्म करून तुलना करा. ७००, ७५०, ८००, ८५० अशा चार फिल्मचे चार वक्र एका आलेखावर हाच एमएस्सीचा प्रकल्प होतो.

शेवटी नमुना नव्वद अंशांत फिरवून प्रवाह क्षेत्राला समांतर आणि लंब असे दोन फेरे घ्या. प्रवाह आणि चुंबकन यांच्या कोनामुळे येणारा अनिसोट्रॉपिक परिणाम यात छोटा असतो. दोन्ही वक्र जवळजवळ सारखे आले तर जे दिसतंय ते कणसीमांचंच. ओला नमुना बाहेर आल्यावर लगेच पुन्हा मोजू नका. त्यावर दव जमतं, आणि ओल्या ठिपक्यांतून चांदी सरकते. साठ वॉटच्या बल्बखाली अर्धा तास ठेवा.

तापमानानुसार पूर्ण मालिका, काही टेस्लाचं क्षेत्र किंवा स्क्विड मॅग्नेटोमीटर (अतिसंवेदनशील चुंबकत्वमापक) हवं असेल तर विदर्भाला जवळचं ठिकाण इंदूरचं यूजीसी-डीएई कन्सॉर्शियम. विद्यापीठ-महाविद्यालयांतल्या संशोधकांसाठीच ते आहे, प्रस्ताव पाठवावा लागतो. प्रस्तावात वरचे ७७ केल्व्हिनचे वक्र, पुडीची चाचणी आणि कोऱ्या वडीचा एक्सआरडी जोडा. नमुन्याच्या पाकिटावर सब्स्ट्रेट, थरांची संख्या, भाजण्याचं खरं तापमान आणि कोणत्या बाजूला फिल्म आहे ते लिहा. अ‍ॅल्युमिनावर पातळ फिल्म आणि फर्नेसमधला काळा डाग दिसायला सारखेच.